गाळलेली ओळ

विजयकरांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. पणजोबा सेक्रेटरिएटमध्ये, आजोबा गोदीच्या ऑफिसात, वडील विमा कंपनीत. खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या. त्या घरातली डॉक्टर होऊ घातलेली पहिली म्हणजे वल्लरी. डॉक्टर म्हणजे 'तसली नाही, अभ्यासातली', हे तिच्या आईला दर लग्नकार्यात कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागे, आणि सांगताना ती खूश असे.

विषय तिने घराजवळचाच घेतला होता. गिरगावात पूर्वी गल्लोगल्ली छापखाने होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिथेच छापलं जायचं. कॉम्प्युटर आला आणि दहा-बारा वर्षांत एकेकाने शटर ओढून घेतलं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या त्या कामगारांबद्दल थोडंफार लिहून झालं होतं. पण घरी बसलेल्या त्या माणसांच्या बायकांनी पुढची वर्षं कशी काढली, हे कुणी विचारलं नव्हतं. वल्लरी ते विचारत होती. सव्वीस बायकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. लीला आचरेकर अकरावी.

चिंचपोकळीला स्टेशनच्या पूर्वेला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर लीलाकाकू राहत. वय चौसष्ट, अंगाने काटकुळ्या, बोलायला मोकळ्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी चाळ नाना म्हणायची, एकोणसत्तरचे. ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात त्यांनी बावीस वर्षं खिळे जुळवले होते. छापखाना नव्याण्णव साली बंद झाला, पण नानांचा डोळा अजून कामावरच होता. रोजचा पेपर ते भिंग घेऊन पहिल्या ओळीपासून छापणाऱ्याच्या नावापर्यंत वाचत आणि चुकांवर पेन्सिलीने गोल करत.

पहिल्या दिवशी वल्लरीने माहितीपत्रक आणि संमतीपत्र काढलं. दोन पानं, नऊ मुद्दे. हा अभ्यास कशासाठी, बोलणं रेकॉर्ड होईल, नाव बदललं जाईल, कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणता येईल, सांगितलेलं नंतरही मागे घेता येईल. पहिल्या दोन-तीन बायकांना तिने ते सावकाश वाचून दाखवलं होतं. अकराव्या घरी येईपर्यंत भटजीने संकल्प उरकावा तशी ती ते उरकायला लागली होती.

"काकू, हे सगळं नेहमीचंच आहे. नाव बदलणार, कुणाला काही कळणार नाही. इथे सही करा."

लीलाकाकूंनी केली. नानांनी मात्र कागद मागून घेतला आणि भिंग लावलं.

"पोरी, तुझा 'गोपनीयता'तला नी ऱ्हस्व पडलाय. दीर्घ हवा."

तिघंही हसली. वल्लरीने तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि पुढच्या सगळ्या प्रतींमध्येही करून घेतली.

लीलाकाकूंकडे ती चार वेळा गेली. चौथ्या वेळी नाना डोळे तपासायला परळला गेले होते. काकू जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. रेकॉर्डर फडताळावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेला. वल्लरीने विचारलं, की छापखाना बंद झाल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं? त्यावर काकूंनी आधी तेच सांगितलं जे तिसऱ्या वेळी सांगितलं होतं. दादरला हिंदू कॉलनीत एका घरी स्वयंपाकाला जायच्या, तिथल्या बाईंनी त्यांच्या वाट्याचं तिथेच शिजवून घ्यायची मुभा दिली होती, ते डब्यातून घरी आणायच्या.

मग त्यांचा मेथीवरचा हात थांबला.

"खरं सांगू गो तुला? कुणाला बोलले नाही आजवर. ते हिंदू कॉलनीचं काम दोन महिन्यांत सुटलं होतं. त्यांच्या सासूला माझ्या हातचं चालेना. सकाळची दोन घरं होती भांड्यांची, त्यात भाडं आणि सलोनीची शाळा निघायची. पोटाचं काय? ह्यांना सांगायची हिंमत होईना. काम सुटलं म्हटलं असतं तर हे कुठेही हमाली करायला उभे राहिले असते, आणि ह्यांची पाठ तेव्हा गेलेली."

"मग?"

"मग काय. परळला हॉस्पिटलाबाहेर फुटपाथवर कॅन्सरच्या पेशंटांची माणसं बसतात ना, त्यांना दुपारी एका ट्रस्टची माणसं जेवण वाटायची. केसपेपर दाखवायचा, डबा पुढे करायचा. माझी मोठी जाऊ त्याच्या आदल्या वर्षी त्याच आजाराने गेलेली. तिचा केसपेपर माझ्याकडे राहिला होता." "मेलेल्या माणसाचा कागद दाखवून जेवण आणलं मी. दीड वर्ष. माझ्या पुढे-मागे ज्यांची माणसं वर खाटेवर मरत होती, त्यांच्या रांगेत उभी राहून. एक दिवस माझ्यामागे पाच-सहा जण उरले आणि जेवण संपलं. तरी दुसऱ्या दिवशी गेलेच."

काकूंना मध्येच हसू आलं, डोळे पुसता पुसता.

"आणि हे जेवताना काय म्हणायचे माहितीये? 'तुझ्या मालकिणीला सांग, तिच्या पद्धतीने दुधी एवढा शिजवला की त्याचा दुधी राहत नाही, दूध होतं.' रोज काहीतरी चूक काढायचे. मी आपली म्हणायची, सांगते हो."

मेथीची काडी त्यांनी मोडली आणि बाजूला टाकली.

"हे मात्र लिहू नकोस हं, बाळा. ह्यांना ठाऊक नाही. कळलं तर तो घास पंचवीस वर्षांनी घशाशी येईल ह्यांच्या."

"नाही काकू. नाही लिहिणार," वल्लरी म्हणाली. म्हणताना ती खोटं बोलत नव्हती.

त्या आठवड्यात तिने कानाला हेडफोन लावून ती मुलाखत टाइप करायला घेतली. शब्दन् शब्द उतरवायचा असतो, अडखळणंसुद्धा. ती उतरवत गेली. जावेचा केसपेपर, संपलेलं जेवण, दुधी आणि दूध. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल असं तिच्या सगळ्या सामग्रीत एवढं एकच होतं. बाकीच्या बायका 'काढले दिवस, काय सांगायचं' यापुढे जात नव्हत्या. मग ती ओळ आली. हे मात्र लिहू नकोस हं, बाळा. वल्लरीने रेकॉर्डिंग मागे नेऊन ती दोनदा ऐकली, आणि त्या जागी तीन टिंबं दिली. स्वतःचं 'नाही लिहिणार'ही गाळलं.

कारणं तिच्याकडे होती. नाव बदलणारच आहोत. प्रबंध इंग्रजीत, वाचणार चार माणसं. नानांना इंग्रजी वाचता येत नाही. शिवाय ही गोष्ट लाजेची नाहीच, शौर्याची आहे, आणि ती नोंदली गेली पाहिजे. एकेक कारण वेगळं घेतलं तर पटण्यासारखं होतं.

तिच्या मार्गदर्शक अपूर्वा मॅडमनी प्रकरण वाचून तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम कडक. कौतुक मोजून करणाऱ्या.

"हा उतारा तुझ्या प्रबंधाचा प्राण आहे, वल्लरी. संमती आहे ना यांची?"

"सही आहे, मॅडम."

सही होतीच.

पुढे मॅडमच्याच ओळखीने एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीने मराठीत लेख मागितला. संपादक फोनवर म्हणाले, "आकडेवारी नको. माणूस दिसला पाहिजे." वल्लरीने दोन दिवस टाळाटाळ केली. मग लिहिला. लीलाचं नाव दुर्गा केलं, चिंचपोकळीचं लालबाग केलं, मुलीचा मुलगा केला. दुधीचं वाक्य तिने एकदा खोडलं होतं. पण ते काढलं की लेख निर्जीव वाटायला लागला. तिने ते परत घातलं आणि लेख पाठवून दिला.

रविवारी सकाळी तिच्या वडिलांनी कोपऱ्यावरून पेपरच्या पाच प्रती आणल्या. एक शेजारी, एक बहिणीकडे, एक लॅमिनेट करायला. आईने शिरा केला. ऑफिसातल्या जुन्या मित्रांना वडील फोनवर सांगत होते, "शेवटी पाणी येतं हो डोळ्यांत, वाचाच." वल्लरी शिरा खात होती. चिंचपोकळीला कुठला पेपर येतो हे तिने कधी विचारलं नव्हतं. आताही विचार मनात आला, तो तिने घासाबरोबर गिळला.

मंगळवारी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला तिचा तास होता. मॅडमनी दोन तास तिच्यावर सोपवले होते, विषय 'संशोधनाची नीती'. तयार स्लाइड्स मॅडमच्याच. माहिती देऊन घेतलेली संमती. ज्यांचा अभ्यास करतो त्यांना इजा होऊ न देणं. गुप्तता. सामग्रीत फेरफार न करणं. दुसऱ्याचं ते त्याच्या नावावर. ती छान शिकवत होती, उदाहरणं देत होती. मागच्या बाकावरून सुशांत नावाच्या एका मुलाने हात वर केला.

"मॅडम, समजा रेकॉर्डिंग चालू आहे, संमतीपत्रावर सहीपण आहे, आणि सांगून झाल्यावर तो माणूस म्हणाला की हे घेऊ नका. मग सही मोठी की तो?"

"तो," वल्लरी म्हणाली. "सही पहिल्या दिवशी होते. संमती शेवटपर्यंत विचारत राहायची असते."

मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. तिचे कान तापले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तास संपून ती बाहेर आली तर फोनवर एकाच अनोळखी नंबरचे चार मिस्ड कॉल. तिने लावला.

"वल्लरी विजयकर का? मी सलोनी. लीला आचरेकरांची मुलगी. वसईहून बोलतेय."

"हां, बोला ना, ताई."

"बोलू काय? बाबा रविवारपासून घरचं जेवत नाहीयेत. खाली जाऊन पाव आणतात आणि चहात बुडवून खातात. आईशी एक शब्द नाही. मी विचारलं तर पेपर पुढे केला. तुम्हाला आईने एवढ्या विश्वासाने घरात घेतलं, आणि तुम्ही हे केलं? ते दुधीचं वाक्य मी लहान असल्यापासून ऐकतेय हो. अख्ख्या जगात ते बोलणारा एकच माणूस आहे."

वल्लरी मुलांच्या घोळक्यापासून लांब, जिन्याकडे सरकली.

"मीही तेच जेवले होते," सलोनी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "आठ वर्षांची होते. मला हे पेपरातून कळायचं होतं का?" आणि तिने फोन ठेवला.

वल्लरीने आधी मॅडमकडे जायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. तेव्हा ती तशीच चिंचपोकळीला गेली. दार उघडंच होतं. लीलाकाकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, नाना खिडकीशी खुर्चीत. टेबलावर रविवारची पुरवणी घडी घालून ठेवलेली. दोघांपैकी कुणीही 'ये' म्हटलं नाही. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"नाना," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. "या. बसा तुम्ही."

आजवर ते तिला पोरी म्हणत आले होते. ती बसली नाही.

"लेख चांगला लिहिलाय," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला तोच शोधावासा वाटत होता. "शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी दोनदा तपासला."

ओट्याशी भांडं वाजलं. लीलाकाकूंनी न वळताच बोलायला सुरुवात केली.

"तीन दिवस ह्यांना सांगतेय. मी पेपरात द्यायला नव्हतं सांगितलं. ह्यांना पटत नाही. ह्यांना वाटतं मी मिरवायला सांगितलं." मग त्या वळल्या. त्यांचा चेहरा सुजला होता. "मी बोलले होते ना गं तुला, लिहू नकोस म्हणून? का मला भास झाला?"

वल्लरीला त्या क्षणी एक वाट दिसली होती. म्हणता आलं असतं, काकू, मला वाटलं तुम्ही फक्त नावाबद्दल बोलताय. गैरसमज झाला. असं म्हटलं असतं तर सगळ्यांचीच थोडी थोडी चूक झाली असती.

"बोलला होतात," ती म्हणाली. "स्पष्ट बोलला होतात. मी हो म्हटलं होतं. नाना, काकूंनी मला दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, झालेलं आणि ते लिहू नको हे. मी एक ठेवली, एक गाळली. टाइप करताना मुद्दाम गाळली."

बाहेर गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, ते आत बघून लगबगीने पुढे गेलं.

"आमच्या धंद्यात," नाना म्हणाले, "लेखकाच्या कॉपीतली ओळ गाळली तर मालक त्या दिवसाचा रोज कापायचा. चुकून गाळली तरी." ते खुर्चीतून उठले, पायात चपला घातल्या. बायकोकडे न बघता म्हणाले, "मी खाली जाऊन येतो." वल्लरीच्या बाजूने जाताना ते अंग चोरून गेले, तिला धक्का लागू नये म्हणून.

"काकू, मी..."

"तू जा आता," लीलाकाकू म्हणाल्या. "मला तुझ्यासमोर रडायचं नाही. तेही लिहिशील."

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडमना सलोनीचा फोन आधीच आला होता.

"बस. हे बघ, नाव बदललेलं आहे, ठिकाण बदललेलं आहे, संमतीपत्र आहे," मॅडम म्हणाल्या. "ओळख पटेल असे तपशील राहिले, ही माझीही चूक. मी लेख बघायला हवा होता. विद्यापीठाच्या नीती समितीला तसं कळवू. माफीचं पत्र देऊ. होतं असं कधी कधी. त्या बाईंनी नको म्हटलं होतं का, एवढाच प्रश्न आहे, आणि तुझ्या टाइप केलेल्या प्रतीत तसं काही नाही."

मॅडम तिला वाचवत होत्या. त्या ज्या प्रतीच्या भरवशावर वाचवत होत्या ती वल्लरीने स्वतः बनवली होती. तिने लॅपटॉप उघडला, रेकॉर्डिंग लावलं, एकोणचाळिसावं मिनिट.

मेथीची काडी मोडल्याचा बारीक आवाज. मग लीलाकाकूंचा. मग तिचा स्वतःचा, गोड, समजूतदार. नाही काकू. नाही लिहिणार.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावतील याची तिने तयारी केली होती. त्या रागावल्या नाहीत.

"काल तू माझ्या मुलांना शिकवलंस," एवढंच त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"पुढचा तास मी घेईन."

समितीपुढे वल्लरीने सगळं लिहून दिलं. पाच माणसं होती, त्यातल्या दोघांनी तिला पहिल्या वर्षापासून पाहिलेलं. कुणी आवाज चढवला नाही. एका बाईंनी विचारलं, "बाकीच्या मुलाखतींत असं काही गाळलंयस का?" ती नाही म्हणाली, आणि नाही म्हणताना तिला कळलं की यापुढे तिच्या नाही म्हणण्याला वजन राहिलेलं नाही. तसंच झालं. सगळ्या मुलाखती दुसऱ्या माणसाने रेकॉर्डिंगशी ताडून पाहायच्या असं ठरलं. अवधूत नावाचा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मागे असलेला विद्यार्थी दीड महिना तिच्या शेजारी बसून एकेक ओळ ऐकत होता. तो भला मुलगा. मधूनच "हे बरोबर आहे" म्हणायचा, जणू तिलाच धीर देतोय. दर वेळी तिचा जीव अर्धा होई.

प्रकरण रद्द झालं. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरून लेख उतरवला गेला. प्रबंध वर्षभर पुढे गेला. घरी तिने सांगितलं, "मुलाखतीत काही तांत्रिक अडचण निघाली." वडील म्हणाले, "एवढ्या-तेवढ्यासाठी वर्ष? तुझ्या मॅडमना मी भेटू का?" लॅमिनेट केलेला लेख शोकेसमध्ये होता. तिने तो एका दुपारी काढून कपाटात कपड्यांखाली ठेवला. आईच्या लक्षात आलं असणार. तिने विचारलं नाही.

दोन महिन्यांनी वल्लरी आधी फोन करून, परवानगी घेऊन, चिंचपोकळीला गेली. बरोबर माघारीचं पत्र होतं. या वेळी तिने ते पहिल्या शब्दापासून वाचून दाखवलं. लीलाकाकूंनी ऐकून घेतलं आणि मध्ये मध्ये थांबवून विचारलं.

"'सामग्री' म्हणजे?"

"तुमचं बोलणं. रेकॉर्ड केलेलं आणि त्यावरून टाइप केलेलं. तुम्ही सांगाल तेवढा भाग काढायचा, नाहीतर सगळं."

"सगळं," काकू म्हणाल्या.

"काकू, त्यात तुमच्या आईचं आहे, देवगडचं. सलोनीताईंच्या बारशाचं आहे. ते हवं असेल तर तुम्हाला देऊन मग..."

"नको. मला माहितीये ते. सगळं पूस."

चार भेटींचं मिळून पाच तासांचं बोलणं होतं. वल्लरीने फायली त्यांच्यासमोर उघडून दाखवल्या आणि एकेक पुसली. काकू वाकून बघत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "आणि ते छापलेलं?"

"ते नाही पुसता येत."

"हं."

खोलीत दोन पाट होते, भिंतीला टेकवलेले. नाना घरी नव्हते. वल्लरीला राहवलं नाही.

"नाना जेवतात का आता?"

लीलाकाकूंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अगं, गेल्या महिन्यात काय झालं, हे एक दिवस दुपारी मला म्हणाले की चल..." आणि त्या थांबल्या. वल्लरीकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. "जाऊ दे. ते आमचं आमच्यात."

"हो काकू," वल्लरी म्हणाली. नाना बायकोला कुठे घेऊन गेले, काय बोलले, जेवले की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. विचारायचा हक्क तिने स्वतःच घालवला होता.

प्रबंध पुढच्या वर्षी पुरा झाला. पंचवीस बायका. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य घालायचं होतं. मॅडमनी सुचवलं, "'एका सहभागी स्त्रीने माघार घेतली' असं लिही, पुरेसं आहे." वल्लरीने लिहिलं, 'संशोधकाने दिलेला शब्द मोडल्यामुळे एका सहभागी स्त्रीने माघार घेतली.' मॅडमनी ते वाचलं आणि पान उलटलं.

शेवटची तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. पहिल्या रांगेत तिचे आईवडील, वडिलांनी ठेवणीतला सफारी घातलेला, आई गजरा माळून. अवधूतही आला होता. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते, मृदू बोलणारे. त्यांनी काम आवडल्याचं सांगितलं, तीन-चार प्रश्न विचारले, आणि मग पान बेचाळीस उघडलं.

"हे वाक्य जरा विशेष आहे. 'संशोधकाने दिलेला शब्द मोडल्यामुळे.' असं सहसा कुणी लिहीत नाही. काय झालं होतं?"

वल्लरीने पाण्याचा घोट घेतला. मग सांगितलं. एका बाईंनी विश्वासाने एक गोष्ट सांगितली आणि ती लिहू नको असं बजावलं. आपण लिहिणार नाही म्हटलं. मग ती मनाई टाइप करताना मुद्दाम गाळली, मार्गदर्शकांपासून लपवली, आणि ती गोष्ट वर्तमानपत्रात छापली. त्यांच्या घरातल्या माणसाने ती वाचली. बोलताना तिची नजर एकदा पहिल्या रांगेकडे गेली. वडील आधी नेहमीसारखे ताठ बसून ऐकत होते. वर्तमानपत्र हा शब्द आला तशी त्यांची मान हळूहळू खाली गेली, आणि ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "इथे विद्यार्थी बसलेत, त्यांना उपयोग होईल. पण ती गोष्ट नेमकी होती काय? संदर्भ कळला तर..."

"ते मला सांगता येणार नाही, सर," वल्लरी म्हणाली.

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि पुढचं पान उलटलं.